घोरपडेबाईंची युद्धनौका

डॉक्टर शकुंतला घोरपडे यांच्या घराची बेल वाजवली की आतून पहिली हाक यायची ती, "श्वास धरा!" मग कडी निघायची, दार वीतभर उघडायचं आणि फटीतून बाईंचा चष्मा दिसायचा. "हं, या आता. पण हळू. आणि शिंक येणार असंल तर ती बाहेरच देऊन या."

चंदीगडला आम्ही नवीन होतो. मी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायला आलो होतो, आणि सेक्टर चोवीसमधल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मराठी बाई राहतात हे कळल्यावर माझी बायको नीला हरखून गेली होती. पहिल्याच संध्याकाळी ती वाटीभर चकल्या घेऊन वर गेली आणि पाच मिनिटांत घामाघूम होऊन परत आली. "जून महिना आहे, आणि त्या बाईंनी पंखा बंद ठेवलाय. मला म्हणाल्या, चकली इथं मोडू नका, तुकडे मिसळतील. कशात मिसळतील हो?"

कशात ते मला पुढच्या आठवड्यात दिसलं. खिडकीखालच्या टेबलावर हातभर लांबीची एक राखाडी युद्धनौका उभी होती. महायुद्धातल्या खऱ्या जहाजाचा साडेतीनशेवा हिस्सा. तिच्याभोवती पांढऱ्या कापडावर पितळेचे भाग मांडलेले होते: शिड्या, कठडे, तोफांच्या नळ्या, दोऱ्या ओढायच्या चकत्या. तांदळाच्या कणीशेजारी ठेवले तर कणी धिप्पाड दिसावी असे. बाई एकेक तुकडा बारीक चिमट्यात धरायच्या, सुईच्या टोकानं त्याला डिंकाचा थेंब लावायच्या आणि जागेवर टेकवायच्या. मग तो चिकटेपर्यंत पुतळ्यासारख्या बसायच्या. पंखा लावला असता तर सगळं आरमार स्वयंपाकघरात गेलं असतं.

बाई डोळ्यांच्या सर्जन. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांचं नाव होतं. लंडनला कसल्याशा परिषदेला गेल्या तेव्हा बरोबरचे डॉक्टर घड्याळं आणि अत्तरं घेऊन परतले. बाई या जहाजाच्या सुट्या भागांचं एक खोकं घेऊन परतल्या. हेच का, असं विचारलं तर म्हणायच्या, "हात चालू राहतो. पेटी वाजवणारा माणूस रोज वाजवतो की नाही? तसंच." पेटीवाल्याला पितळेची तोफ लागत नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं फक्त.

मूळच्या त्या कोल्हापूरकडच्या, त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी जातो, मी जेवलो" असंच बोलत. ही सवय त्यांनी हिंदीतही नेली होती. "मैं ऑपरेशन करता हूँ, आप हिलना मत," असं त्या म्हणाल्या की पेशंट जागच्या जागी थिजायचा. सगळा पंजाब त्यांना 'डॉक्टर साब' म्हणायचा, आणि त्यांच्या बोलण्याला ते शोभायचंही.

आता गंमत अशी की या युद्धनौकेच्या मालकिणीला पाण्याची भीती वाटायची. एकदा आम्ही मराठी मंडळी सुखना लेकवर सहलीला गेलो. थालीपीठं झाली, भेंड्या झाल्या, मग सगळे पायडलच्या बोटींकडे निघाले. बाई काठावरच्या बाकाला घट्ट धरून बसल्या.

"चला की बाई," नीला म्हणाली, "तुम्ही तर आमच्या ॲडमिरल."

"नको. ते हालतंय."

"पाणी आहे, हालणारच."

"मग त्याचं हालून झालं की सांगा. मी इथंच बसतो."

त्यांचा एखादा भाग हरवला की सगळ्या बिल्डिंगला कळायचं. एका हिवाळ्यात जहाजाच्या डोलकाठीवरची शिडी गायब झाली. मी मोठ्या उत्साहानं प्रयोगशाळेतलं चुंबक घेऊन वर गेलो आणि गालिच्यावर रांगायला लागलो. बाई बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आपटे, पितळ चुंबकाला चिकटतं काय ओ?" मी तसाच रांगत दारापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी माझा तास चालू असताना शिपाई धावत आला: इस्पितळातून अर्जंट फोन. फोनवर बाई होत्या. "आपटे, हलू नका. काल तुम्ही कुठला स्वेटर घातला होता? तोच आहे अंगात? काढू नका. झटकू नका. तसेच घरी या." शिडी डाव्या कोपराच्या लोकरीत अडकलेली निघाली. बाईंनी ती माझ्या बाहीतून चिमट्यानं काढली, आणि तेवढ्या वेळात माझ्या लक्षात आलं की मी खरोखरच श्वास धरून उभा आहे.

हे सगळं आज हसत सांगतोय, पण तो काळ हसण्याचा नव्हता. पंजाबात ते अतिरेक्यांचे दिवस होते, रोज काहीतरी घडत होतं. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे असायचे. बसच्या सीटखाली बघून मग बसायचं, बेवारस डबा, पिशवी, ट्रान्झिस्टर, कशालाच हात लावायचा नाही, हे पोरांनासुद्धा पाठ होतं. कुठं बॉम्ब फुटला, की बातमी रेडिओवर यायच्या आधी आम्हाला कळायची, कारण बाईंना न्यायला इस्पितळाची गाडी यायची. काचांचे आणि पत्र्याचे कण डोळ्यात गेलेली माणसं त्यांच्याकडे आणत. असल्या दिवशी परत आल्यावर बाई कुणाशी बोलत नसत. वर बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज यायचा. मग खुर्ची सरकल्याचा. मग काहीच नाही. नीला म्हणायची, "बसल्या."

असंच एका शनिवारी दुपारी बाई खाली आल्या. हातात पुठ्ठ्याचं लांब खोकं, आडवं धरलेलं.

"आपटे, गाडी काढा. इस्पितळात जायचंय. आणि बैलगाडीसारखी चालवा."

खोक्यात युद्धनौका होती, चहूबाजूंनी कापूस लावून बसवलेली. बाईंनी ते मांडीवर घेतलं. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते आणि वळून बघत होते. अशी गाडी त्या दिवसांत संशयास्पद दिसणारच. पुढच्याच चौकात आम्हाला थांबवलं.

"डिब्बे में क्या है?" जवानानं विचारलं.

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "जंगी जहाज."

"क्या?"

"जंगी जहाज. तोपों वाला."

'तोप' हा शब्द ऐकताच आणखी दोन जवान आले आणि बंदुका आमच्याकडे वळल्या. मी दोन्ही हात वर केले. बाईंचे हात खोक्यावर. एकानं झाकण उचलायला हात पुढे केला, तशा बाई कडाडल्या, "साँस रोको!"

का कोण जाणे, पण ते सगळे थांबले. झाकण बाईंनीच काढलं. तेवढ्यात पलीकडून एक सरदारजी इन्स्पेक्टर आला. त्यानंही वाकून आत बघितलं. गाडीच्या खिडकीशी चार माणसं दम धरून उभी, आत कापसावर ते इवलंसं जहाज, आणि माझे हात अजून छताला टेकलेले. इन्स्पेक्टरनं मान वळवून, बाजूला जाऊन श्वास सोडला आणि मग परत आला.

"ये सब आपने बनाया?"

"हाँ. मैं बनाता हूँ."

"कहाँ लेके जा रहे हो जी?"

"मरीज को दिखाने. आँखों के वॉर्ड में."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. 'बाई बऱ्या आहेत ना?' असा तो प्रश्न होता. मी हात खाली घेत मान डोलावली. "जाने दो, जाने दो," तो म्हणाला, आणि मग पुढचा खड्डा चुकवून जा म्हणून त्यानं स्वतः हात करून मला रस्ता दाखवला.

चौक मागे पडल्यावर मी विचारलं, "कुणाला दाखवायचंय, बाई?"

"एक कंडक्टर आहे. बलबीर सिंग. रोपडकडच्या बसवर होता. सीटखाली बॉम्ब होता." त्या खोक्याकडे बघत बोलत होत्या. "महिना झाला, कुणाशी बोलत नाही. जेवत नाही. बायको घास घेऊन बसती, हा भिंतीकडं तोंड करतो. काल ड्रेसिंग करताना पहिल्यांदा बोलला. मला म्हणाला, डॉक्टर साब, आप घर जाके क्या करते हो? मी म्हटलं, जहाज बनवतो. तो म्हणाला, दिखाओ."

"दिसतं त्याला?"

"नाही."

मी वळून खोक्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "दिखाओ म्हणाला की."

बलबीर तिशीचा असेल. पलंगावर भिंतीकडे वळून पडला होता, डोळ्यांवर पट्ट्या. शेजारी त्याची बायको गुरमीत डबा उघडून बसली होती. बाईंनी औपचारिक काही विचारलं नाही. "बलबीर, उठ. लाया हूँ," एवढंच म्हणाल्या. तो उठून बसला. बाईंनी खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं, त्याचं एक बोट आपल्या दोन बोटांत धरलं आणि जहाजाच्या टोकाला टेकवलं.

"ये आगे का हिस्सा. यहाँ से पानी कटता है."

बोट पुढे सरकलं. "ये?"

"तोप."

"इत्ती-सी?" त्याचं कपाळ पट्टीवर आक्रसलं. "और ये?"

"सीढ़ी. धीरे. हाँ."

शेजारच्या पलंगावरचे पेशंट कान देऊन ऐकत होते. बलबीरचे हात मोठे होते, शेतीत वाढलेल्या माणसाचे. एका हातानं भागेना तेव्हा त्यानं दुसराही आणला. बाईंनी अडवलं नाही. आणि मग त्याच्या अंगठ्याखाली बाजूचा सगळा कठडा हळूच आडवा झाला. तो कठडा बसवण्यात बाईंचा अख्खा हिवाळा गेला होता. खाली राहणाऱ्या आम्हालाच ते माहीत होतं. माझ्या तोंडून 'अरे' निघणार होता. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की तो आतच राहिला.

बलबीर थबकला. "डॉक्टर साब, कुछ टूट गया?"

"टूटा नहीं. मुड़ा है. सीधा हो जाएगा. आगे चलो."

तो पुढे गेला. धुराड्याला वळसा घातला, मागच्या तोफेपर्यंत पोचला, सगळं जहाज दोनदा चाचपलं. मग जरा विचार करून म्हणाला, "इसमें कंडक्टर कहाँ खड़ा होता है?"

वॉर्डमधलं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खरंच विचार केला. मग त्याचं बोट धरून मागच्या बाजूच्या शिडीपाशी नेलं. "यहाँ. सबको चढ़ाके, आख़िर में."

"ठीक है," बलबीर म्हणाला. "हवा अच्छी आएगी." आणि तो हसला. गुरमीतनं ओढणी तोंडात धरली आणि ती खिडकीकडे वळली. निघताना मी मागे पाहिलं तर तिच्या हातात पोळीचा तुकडा होता आणि बलबीरचं तोंड तिच्याकडे होतं.

परत येताना बाई वाकडा झालेला कठडा न्याहाळत होत्या. "सगळा काढून नवा करावा लागणार," मी म्हटलं.

"करतो की." मग खोक्याचं झाकण लावत म्हणाल्या, "डावा डोळा वाचत होता त्याचा, आपटे. हातात आला होता."

बलबीर गावी गेला. पण दर महिन्याला बाई त्याला तपासायला बोलवायच्या. इस्पितळातलं काम झालं की तो आणि गुरमीत बाईंच्या घरी यायचे. वरून मक्याच्या रोटीचा वास यायचा, भांडी वाजायची, गुरमीतचा मोठा आवाज यायचा, आणि मधूनच, आमचा विश्वास बसायचा नाही, पण बाईंचं हसू ऐकू यायचं. ते त्या घरातून इतर दिवशी कधी आलं नाही. दिवाळीतही नाही.

असं दीड-दोन वर्षं चाललं. एकदा त्या दोघांना बसपर्यंत मी पोचवायला गेलो. चालता चालता म्हटलं, "बलबीर, इतनी दूर से हर महीने आना पड़ता है. तकलीफ होती होगी."

तो काठी टेकत थांबला. "आँख में तो कुछ बचा नहीं जी. दूसरे डॉक्टर ने साल पहले बता दिया था." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पर डॉक्टर साब को मत कहना."

घरी येऊन मी तसाच वर गेलो. बाई टेबलाशी बसून डोलकाठीला तार ओढत होत्या. मला राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? त्याच्या डोळ्यात आता तपासण्यासारखं काही उरलंय का?"

"नाही."

"मग दर महिन्याला त्याला कशाला बोलावता?"

बाईंनी तारेचं टोक चिमट्यात धरलं, जागेवर टेकवलं आणि ते चिकटेपर्यंत हलल्या नाहीत. मग मान वर न करताच म्हणाल्या, "न बोलवता तो कशाला येईल, ओ आपटे?"