पहिल्या पानावरचा खून

बाईंचा लॅपटॉप टकटक वाजू लागला तेव्हा भाऊसाहेब मनातून खूश झाले. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकाही वस्तूने त्यांना अशी मनाजोगती अडचण दिली नव्हती. मिक्सर धड, पंखे धड. दारावरची बेल तर त्यांनी इतक्यांदा उघडली होती की तिच्यात बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"हार्डडिस्क चाललीय," लॅपटॉपला कान लावून ते म्हणाले. "शेवटची घरघर आहे ही."

"मग दुकानात देऊन या," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, पण नाव काही सुटलं नाही. घरात नवरासुद्धा बाईच म्हणे.

"दुकानात? हयातभर लोकांच्या मीटरमध्ये हात घातलेत मी. चार स्क्रू काढायला परका माणूस कशाला?"

"अहो, माझी कादंबरी आहे त्यात."

बाई रोज दुपारी दार लोटून एक रहस्यकथा लिहीत. भाऊसाहेबांनी ती वाचली नव्हती. बाईंनी दिली नव्हती आणि त्यांनी मागितली नव्हती. संसारात असं एखादं राहून जातं.

"तिच्या केसालाही धक्का लागणार नाही," भाऊसाहेबांनी शब्द दिला.

सुरुवात खरोखर शहाणपणाची झाली. त्यांनी आधी बाईंचं सगळं सामान एका पोर्टेबल डिस्कवर उतरवून घेतलं. मग टेबलावर चादर अंथरून लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी सोडवली, जुनी हार्डडिस्क काढली आणि नवी बसवली. सगळं लावून झाल्यावर वाटीत एक स्क्रू उरला. "कंपनीवाले जास्तीचा देतात," अशी स्वतःचीच समजूत घालून त्यांनी तो खिशात टाकला.

पेनड्राइव्हवरून विंडोज चढवायला घेतलं, तसा लॅपटॉप एकेक प्रश्न विचारू लागला. भाषा कोणती, देश कोणता, आणि मग, कुठल्या डिस्कवर? पेनड्राइव्ह सोडून पडद्यावर दोन डिस्का दिसत होत्या. आपण बसवली तर एकच, मग ही दुसरी कुठली, असं भाऊसाहेबांच्या मनात आलंही, पण तेवढ्यात आतून बाईंनी विचारलं, "झालं का?" आणि "झालंच!" म्हणत त्यांनी खालचीवर बोट ठेवून ती पुसून टाकली. लॅपटॉपने पुन्हा विचारलं, खात्री आहे ना? भाऊसाहेबांना खात्री नाही, असं आजवर कधी झालंच नव्हतं.

सगळं पुसून झाल्यावर लॅपटॉप म्हणाला, या डिस्कवर विंडोज बसणार नाही.

"नाही तर नाही," म्हणून त्यांनी वरची निवडली. तिच्यावर मात्र विंडोज झकास चढलं. पडदा लखलखला. बाईंना हाक मारायला भाऊसाहेब वळले आणि त्यांची नजर लॅपटॉपच्या कडेला गेली. पोर्टेबल डिस्कची वायर तिथेच खोचलेली होती. पुसली ती हीच.

"जरा कोपऱ्यावर जाऊन येतो," असं पुटपुटत ते दोन्ही डिस्का पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात धावले. दुकानदाराने जुनी जोडून पाहिली. तिने एकदा टक् केलं आणि कायमची गप्प झाली. दुसरीतून अक्षरांऐवजी निघाले ते नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

बाई दारातच उभ्या होत्या.

"बाई, कादंबरी गेली," भाऊसाहेब म्हणाले. पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"तू सांग, मी टाइप करतो," ते घाईघाईने म्हणाले. "अगदी पहिल्यापासून."

"तुम्ही? दोन बोटांनी?"

"दोन तर दोन."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार उघडं राहू लागलं. बाई येरझाऱ्या घालत सांगत, भाऊसाहेब 'क्ष' कुठे आहे ते शोधत. गोष्ट एका शाळेत घडत होती. प्रयोगशाळेची वायरिंग तपासायला एक वीज-इन्स्पेक्टर येतो. तो शीळ घालत दाढी करतो आणि जुन्या वायरींची भेंडोळी जपून ठेवतो.

"हा ओळखीचा वाटतोय," भाऊसाहेब म्हणाले.

"काल्पनिक आहे. लिहा."

तिसऱ्या प्रकरणात इन्स्पेक्टर चहा प्यायला. चौथ्यात त्याने भित्र्या शिपायाला धीर दिला. "अगं, रहस्यकथा ना ही? मरत कसं नाही कोणी?" भाऊसाहेब विचारत, आणि बाई म्हणत, "घाई काय आहे?" हळूहळू त्यांना गोष्टीचा नादच लागला. जेवताना घास हातात धरून ते विचारत, "त्या प्रयोगशाळेची किल्ली नेली कोणी?"

एका सकाळी त्यांनी नव्या विंडोजवर बाईंची मेल जोडून दिली. त्यात बाईंनी धाकट्या बहिणीला पाठवलेली एक फाइल दिसली. अख्खी कादंबरी! आनंदाने त्यांनी उघडली. पहिलंच वाक्य होतं: 'इन्स्पेक्टर शीळ घालत शाळेत शिरला आणि मधल्या सुट्टीच्या आत मेला.' पुढचं वाक्य: 'कोणालाही फारसं वाईट वाटलं नाही.'

भाऊसाहेबांनी लॅपटॉप मिटला. सांगावं तर पहिल्याच पानावर आपण गेलोच. न सांगावं तर बाईंची इतक्या वर्षांची मेहनत दडपल्यासारखं. चहा होईपर्यंत ते घरभर फिरले. मग कप बाईंच्या हाती देत म्हणाले, "तुझी कादंबरी सापडली. धाकटीकडे आहे, सगळीच्या सगळी."

"माहितेय."

"कधीपासून?"

"तुम्ही पिशवी घेऊन दारात आलात ना, तेव्हाच आठवलं."

"आणि मला इतके दिवस राबवलंस?"

"राग आला होता. म्हटलं, बसू देत बडवत, अद्दल घडेल." बाईंनी कपात फुंकर घातली. "पण तुम्ही तर पुढे काय झालं ते विचारायला लागलात. मला आजवर कोणी विचारलं नव्हतं हो."

भाऊसाहेब खाली बघत म्हणाले, "त्यात तो इन्स्पेक्टर पहिल्याच पानावर मेलाय."

"समोर बसून माझ्यासाठी एकेक अक्षर शोधणाऱ्या माणसाला मारायचं कसं? होईना माझ्याच्याने."

चहा संपला. मग भाऊसाहेबांनी घसा खाकरला.

"मग आता मरणार कोण?"

"मुख्याध्यापक," बाई म्हणाल्या. "शॉर्टसर्किटने. ते कसं घडवायचं, ते मात्र तुम्ही सांगा. मी लिहिते."

आणि त्यांनी लॅपटॉप स्वतःपुढे ओढला.