आधी आरोप सांगा

आमचे अण्णा कधी कुणाला ‘होय’ म्हणत नसत.

आमटीत मीठ जास्त झालंय का, असं एकदा आईनं विचारलं. घास हातातच धरून अण्णा म्हणाले, “आरोप कुनावर हाय? आमटीवर का तुमच्यावर? ते कळल्याबगार मी काय बोलनार न्हाय.” आईनं कपाळाला हात लावला आणि पुढं कधी विचारलं नाही. मीठ मात्र कमी केलं.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, तवनाप्पा. नुकतेच गेले. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायचे. निपाणीतल्या आमच्या गल्लीत त्यांना ‘बिनसनदी वकील’ म्हणत. कुणाच्याही भांडणात कुणीही न बोलावता ते जायचे. शेजारच्या आक्काबाई पोराला बडवायला लागल्या की भिंतीवरून अण्णांचं डोकं वर यायचं.

“आक्का, कलम सांगा, मग हाना.”

“तुमचं कलम घाला चुलीत! नवी घागर फोडली मुडद्यानं!”

“फोडली का फुटली, ते आधी ठरू द्या. आनि तू रं, गप बस. गप बसायचा तुला हक्क हाय.”

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही हेच. तिच्या वडलांनी “मुलगी पसंत आहे का?” असं विचारताच अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. “घाई करू नगंस. एकदा व्हय म्हटलं की खाली सही करतात.” मंडळी हसली. मी हसलो नाही, कारण मुलगी मला फार पसंत होती.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, ते कधी आत यायचे नाहीत. बाहेरच्या पायरीवर उभं राहून हात जोडायचे. आत चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, “हितनं बी दिसतंय.” आमचा गोठाही मोकळाच पडलेला. दूध विकतचं यायचं. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग शेवंताचं प्रकरण झालं. शेवंता आमच्या मागच्या घरात राहायची आणि तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिथं रिवाज असा की संध्याकाळी जमीन झाडून जो चुरा निघेल तो बायकांनी मिश्रीसाठी घरी न्यायचा. मुकादमच सांगायचा, न्या म्हणून. त्या साली वखारीवर नवा व्यवस्थापक आला. त्यानं फाटकावर शेवंताचा पदर सोडायला लावला आणि चोरीची फिर्याद दिली. मुकादमाची वाचा गेली. बाकीच्या बायका काम जाईल म्हणून भ्यायल्या.

शेवंताला त्यात अवघड असं काही दिसत नव्हतं. “पदरात चुरा हुता, तर न्हाय कसं म्हनू अण्णा? व्हय म्हनते, दंड भरते, मोकळी हुते.”

अण्णा तिच्यावर ओरडलेच. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. “मोकळी? चोर म्हनून नाव लागंल तुझं! मग कंच्या वखारीत घेतील तुला? चुरा हुता हे खरं, पर चोरी केली हे खरं हाय का? तुला इचारतील, गुन्हा कबूल हाय का? न्हाय म्हनायचं. आनि चुरा कुनी न्या म्हटलं, ते न इचारता सांगायचं. तोंड हाय न्हवं तुला?”

मुकादमानं ‘न्या’ म्हटलेलं ऐकणारा बाहेरचा माणूस एकच होता. त्या दिवशी फाटकाशी कुणाला तरी कायदा शिकवत उभे असलेले आमचे अण्णा.

ते साक्षीला निघाले तेव्हा वडील दाराशी आडवे आले. “अण्णा, तुमी जाऊ नका. ते लोक जुनं उकरून काढतील.”

“काढू देत.”

“गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय आपल्याला.”

अण्णा टोपी घालून बाहेर पडले. तेव्हा वडलांनी मान खाली घालून मला ते सांगितलं. अण्णा विशीत असताना आमची गाय कुणाच्या तरी पिकात शिरली आणि कोंडवाड्यात गेली. अण्णा सोडवायला गेले, तर पैसे घेणारा कारकून जागेवर नाही, उद्या या, असं उत्तर मिळालं. अण्णांनी फाटकाचा आडणा काढला आणि गाय घरी आणली. कोंडवाड्यातलं जनावर सरकारच्या ताब्यात असतं, ते आपलंच असलं तरी नेणं ही चोरी होऊ शकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोर्टात विचारलं, तेव्हा छाती काढून म्हणाले, “व्हय, नेली की. माझीच हाय.” दंड झाला, तो भरला. संपलं असं समजून घरी आले. मग शाळेतली ठरलेली मास्तरकी गेली आणि ठरलेलं लग्नही मोडलं.

मी चिकोडीच्या कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. अण्णांनी साक्ष स्वच्छ दिली. मग वखारीचे वकील उठले.

“तुम्हाला यापूर्वी शिक्षा झाली आहे?”

या वेळी अण्णांनी आरोप विचारला नाही. “व्हय,” म्हणाले.

“कशाबद्दल?”

“चोरी.”

“कशाची?”

“गाईची.”

“कुणाची गाय?”

“माझीच.”

कोर्ट हसलं. दारातला पट्टेवालाही हसला. मी माझ्या वहाणांकडं बघत राहिलो. माझे कान तापले होते.

हसणं ओसरलं तेव्हा अण्णांचा आवाज आला, अगदी बारीक. “साहेब, वासरू घरात हंबरत हुतं. लई ल्हान हुतं. तवा ते सांगायचं ऱ्हायलं. कुनी इचारलं न्हाय, आनि मला वाटलं, गाय माझी म्हटल्यावर झालं. तेवढं लिवून घ्या.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. “ते या खटल्यात येत नाही,” असं हळूच म्हणाले.

“न्हाय येत,” अण्णा म्हणाले. “ठावं हाय मला.”

शेवंता सुटली. कोर्टाच्या आवारात ती पाया पडायला वाकली, तर अण्णा पाय मागं घेऊन म्हणाले, “मला शिवू नगंस गं. तू सुटलेली हाईस.”

पुढं गल्लीतली पोरं त्यांच्या मागून हंबरायची. अण्णा वळून बघायचे नाहीत. आक्काबाईंनी पोराला बडवलं तरी भिंतीवर डोकं यायचं नाही. एक दिवस बडवता बडवता त्या स्वतःच थांबल्या आणि भिंतीकडं बघत राहिल्या. वडलांना पुष्कळ दिवस बाजारात जायची लाज वाटायची. मलाही वाटत होती.

बस्तीची पायरी अण्णांनी शेवटपर्यंत ओलांडली नाही.

कोर्टात ते कुणी लिहून घेतलं नाही. म्हणून मी इथं लिहितो. वासरू घरात हंबरत होतं.