एकहाती गाडी

शब्दाचा अर्थ लावण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या नात्यात नाही. हे मी प्रौढीने सांगत नाही, तशी सवयच लागली आहे. उभा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेला. बुवा पूर्वरंगात एक साधा शब्द उचलतात, त्याची साल काढतात, गर बाजूला करतात, बी फोडतात, आणि त्या बीमधून देव बाहेर येतो. हे इतक्यांदा पाहिलं की माणसाला वाटू लागतं, आपल्यालाही जमेल. साल माझ्याही हाताने निघते. आत काय सापडतं, त्याची ही गोष्ट.

आईला मावशीला भेटायचं होतं. मागणं एवढंच. मावशी दुसऱ्या गावात, अंथरुणाला खिळलेली. आईचे गुडघे असे की बसची पायरी नुसती दिसली तरी ठणकायला लागतात. दोघींना ऐकू कमी. रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. इकडून आई विचारायची, "जेवलीस का गं?" तिकडून मावशी सांगायची, "नाही, अजून उकडतंयच." आणि दोघी समाधानाने फोन ठेवायच्या. पण अलीकडे मावशीचा आवाज फार बारीक झाला होता. एकदा फोन ठेवल्यावर आई त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आमच्यातली एक जायच्या आत तिचा हात एकदा हातात घ्यायचाय."

भाड्याची गाडी करून झाली होती. आईला वाटेत सारखं थांबावं लागतं. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा ड्रायव्हरने उसासा टाकला, आणि तो आईला नेमका ऐकू आला. दारावरची घंटा ज्यांना ऐकू येत नाही त्यांना लोकांचे उसासे बरोबर ऐकू येतात. अर्ध्या वाटेतून परत फिरलो. "आता आपली गाडी असेल तेव्हाच," ती म्हणाली.

"घ्यायची तर नवी," मी घरात जाहीर केलं. "दुसऱ्याची वापरलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचं प्रारब्ध. त्याने कुठे ठोकली, कुणाला शिव्या घातल्या, आपल्याला काय ठाऊक?"

"अंगातला कोट तुमच्या दादांचा आहे," बायको म्हणाली. ती दवाखान्यात नर्स आहे. भारावलेल्या माणसांना खाली कसं आणायचं हे तिला नोकरीतच शिकायला मिळालंय.

"कोटाचं वेगळं."

"प्रारब्ध काय फक्त चाकांना लागतं?"

तरी तिघं नव्या गाडीच्या दुकानात गेलो. गाड्या इतक्या चकचकीत की आईने चपला दाराशी काढल्या. टाय लावलेल्या विक्रेत्याने तिला अदबीने एका गाडीत बसवलं. गाडी बुटकी. आईचे गुडघे पार हनुवटीला आले, आणि तिला बाहेर काढताना विक्रेत्यासकट आम्हा तिघांची दमछाक झाली. उंच गाडी होती, पण तिच्यासाठी वर्षभर थांबावं लागणार होतं.

"मी थांबेन हो," आई म्हणाली. "बहिणीला विचारायला हवं, तिला जमेल का."

"हो, विचारून सांगा ना," विक्रेता हसून म्हणाला.

घरी आल्यावर मी जुन्या गाड्यांच्या दलालाला फोन लावला. दोन्हीकडून कमिशन घेतो म्हणून त्याला सगळे कमिशनर म्हणतात.

दोनच दिवसांत त्याचा फोन आला. "साहेब, हिरा आहे. उंच गाडी, सीट ऐसपैस. मालक पेटी दुरुस्त करतात, म्हातारे आहेत, सज्जन माणूस. आणि मुख्य म्हणजे गाडी एकहाती. पहिल्या दिवसापासून एकहाती चाललीय."

मी फोन ठेवला आणि तो शब्द उचलला. साल काढली. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"त्या गाडीच्या मालकांना एकच हात आहे गं."

"कुणी सांगितलं?"

"कमिशनरने. स्पष्ट शब्दांत. एका हाताने गाडी चालवतात, एका हाताने पेट्या दुरुस्त करतात. एक हात पट्ट्यांवर, तर भाता कोण मारत असेल?" पेटीचे सूर ऐकत म्हातारा होत आलेला माणूस मी. मला ते चित्र सहन होईना. "हे बघ, तिथे हाताचा विषय काढायचा नाही. टक लावून बघायचं नाही. आणि घासाघीस तर नाहीच नाही."

बायको गंभीर झाली. "कळतं मला," ती म्हणाली.

पेटीवाल्यांची खोली तीन पायऱ्या चढून होती. खाली अंगणात गाडी उभी, कुलूप न लावलेली. आईला पायऱ्या नकोत, म्हणून तिला तिथेच खुर्चीवर बसवलं आणि आम्ही दोघं वर गेलो. आत सरसाचा वास. टेबलावर पोट उघडं टाकलेल्या पेट्या, सुरांच्या पितळी पात्या ओळीने मांडलेल्या, भिंतीला चामड्याच्या पट्ट्या. दार उघडलं ते उंच, किडकिडीत गृहस्थांनी. उजवा हात स्वेटरच्या खिशात, खोलवर. डाव्या हाताने त्यांनी आमच्यासाठी एक स्टूल आणलं, मग दुसरं आणायला वळले.

मी झडप घातली. "राहू द्या, राहू द्या. मी आणतो."

"अहो, स्टूलच आहे."

"तुम्ही फक्त बसा."

ते बसले. बायकोने विषय काढला. "गाडी छान ठेवलीत. मी खाली हात लावून..." ती थांबली. तिचे कान लाल झाले. "म्हणजे, बघितली."

"लावा की हात," ते म्हणाले. "हात लावूनच बघायची वस्तू ती."

काय थोर मन, असं मला वाटलं. मी म्हटलं, "अशी गाडी तर हातोहात..." आणि गप्प बसलो. मराठीत हातावाचून व्यवहार बोलणं किती अवघड आहे, हे करून पाहिल्याशिवाय समजत नाही. हातघाई, हातभार, हातखंडा, नुसतं ओठ दातांखाली धरून बसावं लागतं. शेवटी मी म्हटलं, "अशी गाडी लवकर जाईल."

"जाईल," ते खाली बघत म्हणाले. "मी काही हातचं राखून सांगत नाही. माझे डोळे अधू झालेत. समोरून दिवे आले की नुसता उजेड फुटतो. डॉक्टरांनी चालवायला मनाई केली, आणि मुलीने परस्पर त्या दलालाला सांगून टाकलं."

हात नाही, त्यात आता डोळे. देव भक्ताची परीक्षा घेतो खरी, पण पेपर किती काढावेत? माझा संयम सुटला. "आणि हे काम? भात्याला कोण असतं?"

त्यांनी टेबलावरच्या उघड्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता कोण असणार. गेल्या वर्षी माझा उजवा हातच गेला."

"कसा?" बायकोने हळूच विचारलं. दवाखान्यातला तिचा आवाज.

"झोपेत. सकाळी बघतो तर गार."

"रक्तात गाठ झाली असेल."

"डॉक्टर तेच म्हणाले. गाठ."

बायकोने मान हलवली. तिची शंका फिटली. आता सांत्वनाची पाळी माझी होती, आणि सांत्वनात मी कधी मागे राहत नाही. स्टूल पुढे ओढलं. "दुःख मोठं आहे, मालक. पण एक गेला म्हणून आयुष्य थांबत नाही. दुसरा करून घ्या."

"काय?"

"संकोच कसला? हल्ली फार चांगले मिळतात. आमच्या ओळखीच्या एकांनी महिन्याभरात करून घेतला. बघणाऱ्याला खरा वाटतो. दिवसभर वापरायचा, रात्री खुंटीला टांगायचा."

ते पांढरे पडले. मला वाटलं, खर्चाची काळजी. "आणि नवाच हवा असं कुठे आहे?" मी म्हटलं. "धर्मादाय संस्थेत वापरलेलेही मिळतात. आम्हीसुद्धा गाडी जुनीच घेतोय ना?"

ते उठून उभे राहिले. उजवा हात स्वेटरच्या खिशातून बाहेर आला, ताठ झाला आणि त्याने दार दाखवलं. "निघा."

पाच बोटं होती. मनगट होतं. मुठीतून किल्लीचा गोफ लोंबत होता.

"अहो, हात," मी म्हटलं.

"काय हात?"

"तुम्हाला हात आहे."

"दोन आहेत. तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"कमिशनर म्हणाला, गाडी एकहाती आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "एकहाती म्हणाला तो? हे तुमचे स्पष्ट शब्द?"

"हो."

"एकहाती म्हणजे एकाच मालकाच्या हातातली. मध्ये दुसरा मालक नाही झालेला."

"आत्ता कळतंय," मी म्हटलं.

"आणि उजवा हात म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिलं. भिंतीवर एक फोटो होता. त्यात याच टेबलाशी एक जाडशा बाई बसल्या होत्या, डोळे मिटून, हात पेटीच्या भात्यावर.

मी काय बोललो होतो ते एकेक वाक्य माझ्याकडे परत आलं. खुंटीही आली. मी दोन्ही हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पेटीवाल्यांनी आमच्याकडे पाठ केली. "खुंटीला टांगायचा," ते फोटोकडे बघत म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते. ते रडताहेत की काय, हे विचारायची हिंमत नव्हती. वळले तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा काहीसा सैल झाला होता. "तिला हसू आवरलं नसतं," ते म्हणाले. "राग नाही माझा. पण गाडी द्यायची नाही मला. मुलीला सांगतो तसं. सकाळपासून ही किल्ली हातातून सुटत नाहीये."

खाली आई बसली होती. संध्याकाळी फोन येणार होता. तो बारीक आवाज विचारणार होता, कधी येतेस?

इतक्यात खाली हॉर्न वाजला. लांबलचक, थांबेचना. आम्ही तिघंही पायऱ्या उतरून धावलो.

आई गाडीत बसली होती. एकटीच चढली होती. शेजारच्या सीटवरून हात लांब करून तिने हॉर्न दाबून धरला होता.

"केव्हाची हाका मारतेय," ती म्हणाली. "तुम्हाला कुणाला ऐकू येत नाही का?"

मी बघतच राहिलो. सीट पार मागे सरकवून पक्की केली होती. दाराखाली लाकडी पायरी ठोकलेली. धरायच्या कडीला पेटीच्या भात्याचं मऊ चामडं गुंडाळलं होतं, हात सटकू नये म्हणून.

आईने पेटीवाल्यांना जवळ बोलावलं. "भाऊ, ही जागा कुणासाठी केली होतीत?"

ते तिच्या कानाशी वाकले. "आमच्या हिच्यासाठी. गुडघे धरायचे तिचे."

"वाटलंच मला. कुणीतरी जिवाच्या माणसासाठी केलीय." तिने चामड्यावरून बोटं फिरवली. "किती दिवसांनी कुठे चढले आणि दुखलं नाही. माझी धाकटी बहीण आहे, भाऊ. तिच्याकडे जायचंय." मग तिने आधीच सांगून टाकलं, "पण मला वाटेत सारखं थांबावं लागतं हं."

"हिलाही लागायचं," ते म्हणाले. त्यांनी कडीवरचं चामडं नीट केलं. "कुठल्या रस्त्याने जाणार? सावली कुठे कुठे आहे ते सांगून ठेवतो."

त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर किल्लीचे दात उमटले होते. किल्ली मी दोन्ही हातांनी घेतली.

पुढचा व्यवहार बायकोने पाहिला. मला त्यात तोंड उघडायची मनाई होती.

त्या आठवड्यातच निघालो. पेटीवाल्यांनी सांगितलेल्या प्रत्येक झाडाखाली थांबलो, आणि कुणी उसासा टाकला नाही. मावशीच्या खोलीत पोचल्यावर आई खाटेच्या कडेला बसली आणि तिने मावशीचा हात हातात घेतला. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. कीर्तनात अभंग संपतो, टाळ थांबतात आणि तरी कुणी उठत नाही, तसं झालं होतं.

मग मावशीने विचारलं, "आलात कशाने?"

"गाडीने," आई तिच्या कानात मोठ्याने म्हणाली. "आपली आहे."

"नवी?"

"जुनी. पण एकहाती आहे हो," आईने अभिमानाने सांगितलं.

मावशीचा चेहरा पडला. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मोकळ्या हाताने माझा उजवा हात चाचपला. मग डावा. बोटं नीट मोजली.

"अगं, आहेत की दोन्ही," ती आईला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "दोन्हींनी चालवावी रे बाळा. घाट आहे वाटेत."

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. शब्दाची साल काढण्याचा हा गुण मला कीर्तनातून आला, असं मी आजवर समजत होतो. तो आजोळचा निघाला.

"बरं मावशी," मी म्हटलं. अर्थ सांगत बसलो नाही.