भोंग्याची स्मरणशक्ती

विल्फ्रिदोचे पाय आज जमिनीवर ठरत नव्हते! एन्कार्नासिओनमधल्या एका बस कंपनीच्या स्थानकावर महिनोन्‌महिने अखंड चालणारी त्याची संगणकावरची घोषणांची स्क्रिप्ट आज पहिल्यांदाच न रेंगाळता बोलणार होती. पूर्वी दर घोषणेला ती आपली फाइल नव्यानं वाचायची. काल त्यानं कॅशे चालू केला. एकदाच वाचायचं आणि लक्षात ठेवायचं! फाइल बदलली का, हे बघायची कटकटही त्यानं बंद करून टाकली. आज पवित्र बुधवार, अख्खा देश सणासाठी चिपा, म्हणजे चीजचे पाव, बांधून घेऊन गावी निघायचा दिवस.

"असुन्सिओनची बस, फलाट तीन," भोंगा खणखणीत बोलला. "आणि नेनिताबाईंचा चिपा म्हणजे दगड. दात सांभाळा!"

विल्फ्रिदोला दरदरून घाम फुटला. ही ओळ त्यानं काल भोंगा बंद ठेवून, चाचणीपुरती गंमत म्हणून लिहिली होती. त्यानं ती झटकन पुसली. पाच मिनिटांनी भोंग्यानं पुन्हा दात सांभाळायला सांगितलं.

स्थानकावर चिपा विकणारी नेनिता टोपली घेऊन दारात हजर. "मेल्या, रोज माझा चिपा फुकट गिळतोस, त्याचे हे पांग फेडलेस? वर्षातला माझा मोठा धंदा आजचा, आणि गिऱ्हाईक टोपलीकडे बघेना!"

"मावशी, पुसलंय हो! पण त्याच्या डोक्यात जुनंच बसलंय. बंद करून चालू केलं तरच जाईल."

"मग कर की!"

"आज यंत्र क्षणभरही बंद करायचं नाही, साहेबांनी बजावलंय."

त्यानं स्पीकरवर स्थानकप्रमुख डोन अनास्तासिओंना फोन लावला, गयावया केली.

"हुकूम म्हणजे हुकूम!" साहेबांनी फोन आपटला.

चिडलेल्या विल्फ्रिदोनं पुसलेल्या जागी लिहिलं, 'आमच्या साहेबांच्या डोक्यापेक्षा दगड मऊ.' वाचतंय कोण? सेव्ह केल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात नेनितानं टोपली खाली ठेवली, प्लग उपटला आणि परत खोचला.

"मावशी, नको!"

यंत्र जागं झालं. त्यानं फाइल नव्यानं वाचली.

"पोसादासची बस, फलाट एक. आणि आमच्या साहेबांच्या डोक्यापेक्षा दगड मऊ!"

स्थानक हसून लोटपोट झालं. हसणाऱ्यांनी टोपलीभोवती गर्दी केली. गर्दीतून वाट काढत लालबुंद साहेब आले. "बंद कर! आधी ते यंत्र बंद कर!"

नेनिता प्लगसमोर ठाण मांडून बसली. "असं कसं, साहेब? हुकूम म्हणजे हुकूम," ती म्हणाली आणि एक गरम चिपा त्यांच्या हातात ठेवला. "खाऊन बघा. मऊ आहे."