न मोडणारं कार्ड

पातेलं आपणच घासावं असं हर्मिनियोनं ठरवलं, आणि तिथंच घात झाला. (लग्नाला चाळीस वर्षं झाली. असलं काही त्यानं कधी ठरवलं नव्हतं, आणि चाळीसही वर्षं बरी गेली होती.)

बायको देओलिंदा चर्चला जाताना सांगून गेली होती, "सूप ढवळत राहा." हा रेडिओवर फुटबॉल ऐकत बसला. सूप तळाला काळंकुट्ट लागलं. ती यायला दहा मिनिटं उरलेली, आणि घासणी कुठं असते हे ह्या गृहस्थाला ठाऊक नाही! टेबलावर दिसलं तिचं ग्रीन कार्ड, अमेरिकेत राहून काम करायचा सरकारी परवाना. न्यू बेडफर्डच्या नव्या मासळी कारखान्यात तिला सोमवारी ते दाखवायचं होतं. त्याशिवाय काम नाही. "ह्या कार्डात कुणाच्या बापाला फेरफार करता येत नाही," असं तिथला मॅनेजर म्हणाला होता.

"मग पातेल्याला काय भितंय!" म्हणून हर्मिनियोनं खरवडायला घेतलं.

कटकन दोन तुकडे.

दारात देओलिंदा.

"सरकारनं फसवलं गं आपल्याला," हर्मिनियो म्हणाला.

मॅनेजरनं महिन्याची सवलत दिली. वर एक दिवस नाही. नव्या कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला दोघं सरकारी कचेरीत गेली. तिथल्या बाईनं देओलिंदाची बोटं मशीनच्या काचेवर ठेवली. पडदा कोरा. पुसून ठेवली, दाबून ठेवली. कोराच.

"ह्यांना ठसेच नाहीत," बाई म्हणाली.

जन्मभर मासे कापलेली देओलिंदा म्हणाली, "म्हणजे माझं काम गेलं?"

"मशीन बिघडलंय!" हर्मिनियो गरजला. "बंदरावर तीस वर्षं हाडं झिजवलेला माणूस आहे मी. माझं बोट घ्या, तेही दिसायचं नाही!" आणि मध्ये घुसून त्यानं पंजा काचेवर आपटला.

पडद्यावर रेघ न् रेघ उमटली. शेजारच्या टेबलावरचे दोघं बघायला उठून आले.

"वा! तान्ह्या बाळाचे असतात असे," बाई म्हणाली. "सर, बंदरावर आपण काय करत होता?"

"वजनकाट्यावर बसायचा," देओलिंदा म्हणाली. "नुसता बसायचा."

हर्मिनियो स्वतःच्या बोटांकडे असा बघत राहिला, जणू ती कुणा परक्याची आहेत.

बाई देओलिंदाला म्हणाली, "मासे आणि भांडी ह्यांनी ठसे झिजलेत. तीन आठवडे हात पाण्यात घालू नका, मलम लावा. ठसे परत येतील."

"हे लिहून द्या," देओलिंदा म्हणाली. "आमच्या पोर्तुगीजमध्ये. मोठ्या अक्षरात. वर शिक्का मारा."

तो कागद सिंकवर चिकटला. तीन आठवडे हर्मिनियोनं भांडी घासली, फरशी पुसली, चादरीसुद्धा धुतल्या. ठसे आले, कार्ड आलं, देओलिंदा कामाला लागली.

पहिल्या पगाराच्या दिवशी हर्मिनियो सिंकपाशी कोपरापर्यंत फेसात उभा होता.

"हा कागद आता काढू का गं?"

"खबरदार! सरकारी आहे तो," देओलिंदा म्हणाली. "त्यात फेरफार करता येत नाही."