संपूर्ण उघडा संगणक

माणसाने कशावरही विश्वास ठेवण्यापूर्वी त्याचे झाकण उघडून पाहावे, याबाबत जर्मनीतल्या आमच्या कासेलच्या मुक्त संगणकधारक संघात एकमत आहे. (मतभेद आहेत ते कोणत्या पान्याने, एवढ्यापुरतेच.) आमचा संगणक आडवळणाच्या प्रोसेसरवर चालतो. त्याचे सगळे नकाशे जाहीर आहेत, त्यात कसलेही गुपित नाही, आणि बाजारातला जवळजवळ एकही प्रोग्राम त्यावर चालत नाही. म्हणूनच तो अत्यंत सुरक्षित आहे.

असा संगणक घेतो कोण, असे लोक विचारतात. संघाच्या पाहणीनुसार निम्मे ग्राहक आधीचा असाच संगणक बंद पडला म्हणून घेतात आणि उरलेले निम्मे त्यांना दुरुस्तीत मदत करता यावी म्हणून. तक्रार एकही नाही. तक्रारीचे पान त्यावर उघडत नाही.

आमचे आदर्श सभासद डेटलेफ ब्रिंकहॉफ, ट्रॅमच्या नोकरीतून निवृत्त. त्यांची मुलगी झिल्के उरुग्वेत असते. तिला मुलगी झाली आणि ब्रिंकहॉफना नात बघायची होती. व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम आमच्या प्रोसेसरसाठी तयार मिळत नाही, मुळापासून घरीच बांधावा लागतो. ते बांधायला बसले. नात पालथी पडली तेव्हा आवाज आला. ती बसू लागली तेव्हा चित्रही आले, पण नात निळी होती, कारण आमचा प्रोसेसर आकडे उलट्या टोकाने वाचतो आणि लालाचा निळा होतो. नाक आमच्या घरचे आहे, असे ब्रिंकहॉफ म्हणाले आणि चित्र गोठले.

मग शेजारच्या नूरहानबाई स्वतःच्या फोनवर झिल्केला व्हिडिओ कॉल लावूनच दारात आल्या. ब्रिंकहॉफनी हात मागे घेतले, डोळे मिटले.

"ह्याच्या आत काय चाललंय, ते दिसत नाही."

"अहो, आत कशाला बघताय? बाहेर नात दिसतेय की!"

तेवढ्यात फोनमधून "ओपा" अशी आजोबांना हाक आली. ब्रिंकहॉफनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि ते उंबरठ्यावरच रडले. ऐकून मलाही भरून आले, खोटे कशाला बोलू.

संघाने चौकशी समिती नेमली आहे. पहिल्या डोळ्याबद्दल समज आणि दुसऱ्याबद्दल सभासदत्व रद्द, असा कल दिसतो.

तुम्ही आम्हाला हसाल. खुशाल हसा. तुमचा फोन बोट लावताच जगाच्या पाठीवर कुठेही लागतो. काल आईचा कॉल आला आणि तुम्ही "नंतर करतो" म्हणून तो कापलात, तेव्हा कुठला प्रोसेसर आडवा आला होता?