किल्ल्यावरचं शेवाळ आणि गोगाबाई

एका जंगलात, बाळांनो, एक किल्ला होता. कुणी बांधला? मला नका विचारू, मी काही तिथे पाट्या उचलायला नव्हतो. पण होता खूप जुना, आणि त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर मऊमऊ हिरवं शेवाळ होतं.

त्या शेवाळावर गोगाबाई नावाची म्हातारी गोगलगाय जगत होती. तिची आई तेच खाऊन मोठी झाली, आजीही तेच खाऊन मेली. गोगाबाईला दुसरं काही पचतच नसे.

एके दिवशी किल्ल्यावर करकोचेसाहेब आले. ते सिनेमे काढत. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. एका पायावर उभे राहून त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हेच! हेच हवं होतं!" ते म्हणाले. "आम्ही थर्माकोलचा किल्ला उभारला होता हो. सिंह भिंतीला टेकून रडायला गेला, तर भिंतच पडली. लोक हसले. इथे कसं, दगडांनीच सगळं भोगलंय. नटाला अभिनय करावा लागत नाही. आमच्या नटांना ते फार सोयीचं पडतं."

"मग या की!" जंगलाचे पाटील अस्वलराव म्हणाले. "पावसाळा सरला की या. किल्ला तुमचाच समजा."

करकोचेसाहेब उडून गेले आणि अस्वलरावांनी लगेच सभा बोलावली.

"बड्या घरचे पाहुणे येणार," ते म्हणाले, "आणि आपल्या भिंती अशा बुरसटलेल्या? लोक तोंडात शेण घालतील! सगळं खरवडा. वर चुना मारा, खाली गेरूचा पट्टा ओढा. कसं लग्नघरासारखं दिसलं पाहिजे."

हे गोगाबाईने ऐकलं. "अगं बाई, माझं शेवाळ!" असं म्हणून ती पाटलांना थांबवायला तडक निघाली. आता गोगलगाय तडक निघाली म्हणजे किती तडक, ते तुम्हीच समजा. ती बुरुजाच्या वळणावर पोचली तेव्हा चुना कालवला होता. पाटलांच्या पायाशी पोचली तेव्हा तो वाळलाही होता.

"आजी, उशीर केलात," पाटील म्हणाले. "बघा, काय झळकतोय किल्ला!"

"झळकतोय रे बाबा. पण मी खाऊ काय? गेरू?"

पाटील मोठ्यांदा हसले. अडचणीचा प्रश्न आला की पाटील लोक तसंच करतात.

पावसाळा सरला. करकोचेसाहेब शंभर खोकी घेऊन उतरले आणि दोन्ही पाय टेकून मटकन बसले.

"मी किल्ला बघून गेलो होतो," ते म्हणाले. "ही शाळा कुणाची?"

पाटलांचा चेहरा पडला. पण सिनेमावाले हार मानत नाहीत. त्यांनी चुन्यावर काजळी फासली. काजळीवर शहरातून आणलेलं प्लास्टिकचं शेवाळ चिकटवलं. मूळच्या भेगा चुन्याने बुजल्या होत्या, म्हणून नव्या भेगा रंगवल्या. भुकेने व्याकूळ झालेली गोगाबाई त्या शेवाळावर चढली आणि तिने एक घास घेतला. तो तिला गिळवेना, थुंकवेना.

"वा! खरीखुरी गोगलगाय!" साहेब आनंदले. मग त्यांनी डोळा बारीक केला. "पण फारच हळू चालते. गोगलगाय वाटत नाही." त्यांनी तिला अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि रबराची गोगलगाय दोरीने ओढली. ती अगदी गोगलगाय वाटली.

गोगाबाई दगडामागे बसून रडली. शंखाच्या घरातच होती तशी, पण बेघर झाल्यासारखं तिला वाटलं. तळ्याकाठचं कुजकं पान चघळत तिने कसेबसे दिवस काढले.

सिनेमा खूप चालला. 'अस्सल ठिकाणी चित्रित' असं त्यावर लिहिलं होतं. मग काय, दूरदूरच्या जंगलांतून पर्यटकांची रीघ लागली. प्लास्टिकच्या शेवाळाला पाठ लावून जो तो फोटो काढायचा. "अहाहा, काय हो हा इतिहास!" म्हणायचा.

पुढल्या पावसात चुन्याला पोपडे सुटले आणि मधूनमधून खरं शेवाळ डोकावू लागलं. पर्यटक चिडले.

"पाटील, ही घाण कसली? सिनेमात असलं शेवाळ नव्हतं!"

पाटलांनी पुन्हा सभा बोलावली. या वेळी गोगाबाई शहाणी झाली होती. सभा होणार हे हेरून ती आधीच्याच पौर्णिमेला निघाली होती. पाटील "खरवडा" म्हणणार, इतक्यात ती त्यांच्या पायाजवळून बोलली.

"पाटील, खरवडू नका. इतिहासाला ओरखडे पडतील. ते आपोआप उगवतं ना, ओलं, हिरवं, ते मी खाऊन टाकते."

"सगळं? आजी, किल्ल्यासाठी एवढा त्याग?"

"कुणीतरी करायलाच हवा रे," गोगाबाई म्हणाली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

पाटलांना गहिवरून आलं. त्यांनी तिला 'किल्ला-रक्षक' नेमलं आणि एवढा मोठा हार घातला की म्हातारी हाराखाली सापडेना. आता ती भिंतीवर पूर्वीसारखीच पोटभर जेवते. एकेक हिरवा ठिपका संपला की खाली पर्यटक टाळ्या वाजवतात.

तात्पर्य : बाळांनो, खऱ्याची बाजू मांडायला गेलात तर उपाशी मराल. ते मुकाट्याने खाऊन टाकावं. पोट भरतं आणि वर हारही मिळतो.